बर्नार्ड शॉ : जगभरचा प्रभाव, की एकाच नाटकाची पुण्याई?

अभिवाचक (धागालेखक)

आमच्या वाचनगटाने येत्या काही महिन्यांत एका परदेशी नाटककाराचे एक नाटक मुळातून वाचावे, त्यावर चर्चा करावी आणि जमल्यास त्याच्या मराठी अनुवादाचे अभिवाचन करावे, असे ठरवले आहे. मी जॉर्ज बर्नार्ड शॉचे नाव सुचवले. त्यावर गटातल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी असा आक्षेप घेतला की शॉ आता ‘पिग्मॅलियन’पुरता उरला आहे, तेही नाटक लोकांना ‘माय फेअर लेडी’मुळे आणि आपल्याकडे ‘ती फुलराणी’मुळे ठाऊक आहे, आणि त्याची उरलेली पन्नासाहून अधिक नाटके ग्रंथालयांच्या कपाटांत स्वस्थ पडून आहेत.

हा आक्षेप मला पुरता पटलेला नाही. डब्लिनमध्ये 1856 साली जन्मलेला, विशीच्या उंबरठ्यावर लंडनला आलेला, ओळीने पाच कादंबऱ्या प्रकाशकांकडून परत आल्यावर संगीताची आणि नाटकांची परीक्षणे लिहून पोट भरणारा हा माणूस पस्तिशी उलटल्यावर पहिल्यांदा स्वतःचे नाटक रंगमंचावर पाहतो आणि 1925 सालच्या नोबेल पुरस्कारापर्यंत पोचतो. 1950 साली, वयाच्या 94व्या वर्षी त्याचे निधन झाले तेव्हा जगात त्याच्याइतके ओळखले जाणारे लेखक फार थोडे असतील. मग एवढ्या मोठ्या कीर्तीचे पुढे झाले काय? तिचा प्रभाव आज नेमका कशात शोधावा : नाटकांच्या प्रयोगांत, पुढच्या नाटककारांच्या लेखनात, की त्याच्या नावावर फिरणाऱ्या चुटक्यांत? जाणकारांनी कृपया उदाहरणे देऊन लिहावे. ‘शॉ थोर होता’ एवढ्यावर आमच्या ज्येष्ठांचे समाधान होण्यातले नाही.

विंगेतून

आपल्या ज्येष्ठांचे निरीक्षण बरोबर आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र घाईचा आहे. आज किती प्रयोग लागतात, एवढ्यावरून नाटककाराचा प्रभाव मोजायचा तर शॉ मागे पडणारच, कारण त्याने जे बदलले ते मुख्यतः रंगमंचावर काय चालू शकते याविषयीची समजूत होती. एकदा समजूत बदलली की ती कोणी बदलली हे लोक विसरून जातात.

1890च्या आसपासच्या लंडनमध्ये यशस्वी नाटकाचा साचा पक्का ठरलेला होता. सुरुवातीला एखादे गुपित पेरायचे, मध्ये एखादे पत्र किंवा पंखा भलत्याच हाती पडून गुंतागुंत वाढवायची आणि शेवटी सगळे उलगडून पडदा टाकायचा. नॉर्वेजियन नाटककार इब्सेनवर 1891 साली लिहिलेल्या पुस्तकाच्या 1913च्या वाढीव आवृत्तीत शॉने या साच्यातील नेमका बदल दाखवून दिला : ‘डॉल्स हाऊस’मधली नोरा शेवटच्या अंकात नवऱ्याला समोर बसवते आणि आता आपण बोलू या म्हणते, तिथे उकलीची जागा चर्चेने घेतली. शॉने स्वतःच्या नाटकांत ती चर्चा शेवटापर्यंत थांबवून ठेवली नाही, तिला पहिल्या प्रवेशापासूनच मोकळे सोडले. एरवी सभागृहात किंवा वर्तमानपत्रात शोभेल असा वाद, म्हणजे झोपडपट्टीच्या भाड्याचा, तोफांच्या कारखान्याचा किंवा डॉक्टरांच्या फीचा वाद, माणसे रंगमंचावर घालतात आणि प्रेक्षक त्यात रंगतात, हे त्याने सिद्ध केले. आणि प्रेक्षक रंगले ते विनोदामुळे. शॉच्या नाटकात सर्वांत समर्पक युक्तिवाद बहुतेक वेळा त्या पात्राच्या तोंडी असतो ज्याच्याकडून प्रेक्षकांनी त्याची मुळीच अपेक्षा केलेली नसते. हसू फुटते ते त्या अनपेक्षिततेमुळे, आणि हसून झाल्यावर आपण त्या पात्राशी सहमत झालो आहोत हे लक्षात येते.

‘आर्म्स अँड द मॅन’ हे याचे सोपे उदाहरण. पार्श्वभूमी 1885 सालच्या सर्बिया-बल्गेरिया युद्धाची आहे. रणांगणातून पळालेला एक स्विस भाडोत्री सैनिक बल्गेरियन तरुणीच्या शयनगृहात शिरतो आणि अनुभवी सैनिक काडतुसांच्या जागी खाऊ बाळगतात, असे तिला शांतपणे सांगतो; तिने दिलेल्या चॉकलेटच्या मलईगोळ्या तो आधाशासारख्या संपवतो, आणि शौर्याच्या कल्पनेची हवा तिथेच निघून जाते. एप्रिल 1894 मधल्या पहिल्या प्रयोगानंतर शॉ रंगमंचावर आला तेव्हा टाळ्यांच्या कडकडाटात गॅलरीतून एकाने हुर्यो केली. त्यावर शॉ म्हणाला, मित्रा, माझे मतही अगदी तुझ्यासारखेच आहे, पण एवढ्या सगळ्यांपुढे आपण दोघे काय करणार? प्रसंग चुटक्यासारखा वाटला तरी शॉची सगळी रीत त्यात आहे : विरोधकाच्या शेजारी जाऊन बसायचे आणि तिथून बोलायचे.

पुढचा पल्ला आकड्यांतच सांगतो. 1904 ते 1907 या काळात लंडनच्या कोर्ट थिएटरमध्ये ग्रॅनव्हिल बार्कर आणि वेड्रेन या जोडीने जो उपक्रम चालवला, त्यातल्या 988 प्रयोगांपैकी 701 प्रयोग एकट्या शॉच्या नाटकांचे होते. नाटकाच्या संहितेला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या, तारांकित नटाच्या मर्जीवर न चालणाऱ्या आधुनिक इंग्रजी रंगभूमीचा पाया तिथे घातला गेला असे बहुतेक इतिहासकार मानतात. त्याच्याही आधी, 1897 साली, न्यूयॉर्कमध्ये रिचर्ड मॅन्सफिल्डने केलेल्या ‘द डेव्हिल्स डिसायपल’च्या प्रयोगांतून शॉला पहिल्यांदा चांगले पैसे मिळाले आणि तो परीक्षणांच्या रतिबातून सुटला. व्हिएन्नाचा सिगफ्रिड ट्रेबिच त्याची नाटके जर्मनमध्ये आणत होता. त्या मुलखात शॉचे बस्तान इतके बसले की ‘पिग्मॅलियन’ पहिल्यांदा झाले तेच मुळी जर्मन भाषेत, ऑक्टोबर 1913 मध्ये व्हिएन्नात. लंडनने ते त्यानंतर सहा महिन्यांनी पाहिले.

याच जर्मन शॉने जर्मन नाटककार ब्रेख्तला घडवण्यात हातभार लावला. 1926 साली शॉच्या सत्तरीनिमित्त तरुण ब्रेख्तने बर्लिनच्या वृत्तपत्रात एक गौरवलेख लिहिला आणि त्यात शॉला चक्क दहशतवादी म्हटले. त्याचे शस्त्र विनोदाचे आहे, असा त्याचा मुद्दा होता. त्यानंतर काही वर्षांनी ब्रेख्तने शिकागोच्या कत्तलखान्यांमधली जोन लिहिली, तेव्हा तिच्यामागे शॉची ‘सेंट जोन’ आणि गरिबांसाठी सूप शिजवणारी पण दारूवाल्याच्या आणि तोफवाल्याच्या देणग्यांवर उभी असलेली संस्था दाखवणारी ‘मेजर बार्बरा’ ही दोन्ही नाटके उभी होती. प्रेक्षकाने भारावून न जाता विचार करत नाटक पाहावे, ही ब्रेख्तची मागणी शॉने वेगळ्या ढंगात आधीच पुरी केली होती. ब्रेख्त आपल्याकडे किती मुरला आहे हे नाटकवाल्यांना सांगायला नको. त्या वाटेने शॉही आला आहे, फक्त त्याच्या नावाची पाटी गळून पडली आहे.

शंकासुर

वरचा प्रतिसाद आवडला, तरी थोडे पाणी ओततो. पाटी गळून पडलेला प्रभाव कोणाच्याही नावावर मांडता येतो. इब्सेन, चेखव, ब्रेख्त या तिघांची नाटके आजही जगभरच्या तरुण दिग्दर्शकांना उलटीपालटी करून पाहावीशी वाटतात. शॉला मात्र बहुतेक जण हात लावत नाहीत. याचे एक कारण उघड आहे. शॉची पात्रे फार बोलतात आणि सगळी थोडीफार शॉसारखीच बोलतात. रंगसूचना पानपानभर असतात, प्रस्तावना कधी कधी नाटकाहून लांब असतात. दिग्दर्शकाला आणि नटाला स्वतःचे काही सापडावे एवढी मोकळी जागा तो ठेवत नाही.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. 1931च्या जुलैमध्ये शॉ ब्रिटिश खासदार लेडी ॲस्टरबरोबर सोव्हिएत रशियात गेला, आपला पंचाहत्तरावा वाढदिवस त्याने मॉस्कोत साजरा केला, स्टालिनला भेटला आणि परतल्यावर तिथल्या दुष्काळाच्या बातम्या झिडकारत राहिला. मुसोलिनीविषयीही तो गौरवाने बोलला होता. सुप्रजननाच्या (‘चांगल्या’ वंशाचीच माणसे जन्मावीत या विचाराच्या) नावाखाली त्याने जे लिहिले ते आज वाचवत नाही, आणि लसीकरणाला त्याने जन्मभर विरोध केला. प्रत्येक प्रस्थापित मताच्या विरुद्ध उभे राहण्याची सवय लागलेला माणूस कधी कधी सत्याच्याही विरुद्ध उभा राहतो, आणि आपल्या चलाखीमुळे त्याला ते कळत नाही. प्रभावाचा ताळेबंद मांडताना ही बाजूही मांडायला हवी.

आणि चुटक्यांविषयी एक. समाजमाध्यमांवर शॉच्या नावाने जे फिरते, त्यातले बरेचसे त्याचे असल्याचा पुरावा नाही. इंग्लंड आणि अमेरिका हे एकाच भाषेमुळे दुरावलेले देश आहेत, हे वाक्य त्याच्या प्रकाशित लेखनात सापडत नाही. सुंदर नर्तकीने ‘माझे रूप आणि तुमची बुद्धी घेऊन जन्मलेले मूल’ सुचवल्याची गोष्ट आपल्याकडच्या भाषणांत इसाडोरा डंकनच्या नावासकट रंगवून सांगतात, तिलाही पक्का आधार नाही. कोणतेही चटपटीत वाक्य ज्याच्या खात्यावर जमा करता येते, असे दोघेच इंग्रजी नाटककार जगाला माहीत आहेत, वाइल्ड आणि शॉ. गंमत म्हणजे दोघेही डब्लिनचे. हा प्रभाव म्हणायचा की अपकीर्ती, ते ज्याने त्याने ठरवावे.

पूर्वरंग

शंकासुर यांच्या दुसऱ्या परिच्छेदाशी मी पूर्ण सहमत आहे आणि तो भाग झाकून शॉचा गौरव करू नये असेच माझेही मत आहे. परंतु पहिल्या परिच्छेदात प्रभाव म्हणजे आजचे प्रयोग, असे ते गृहीत धरतात. प्रभाव कधी कधी पडलेल्या प्रयोगातूनही होतो. त्याचे माझ्या माहितीतले सर्वांत बोलके उदाहरण शांघायचे आहे.

‘मिसेस वॉरेन्स प्रोफेशन’ हे नाटक शॉने 1893 साली लिहिले. कुंटणखान्यांच्या पैशावर मुलीला केंब्रिजला शिकवणारी आई आणि ते कळल्यावर आईचा पैसा नाकारणारी मुलगी, असा विषय. शॉचा रोख बाईच्या चारित्र्यावर नव्हताच. इमानदारीच्या कामाला समाज बाईला इतकी कमी मजुरी देतो की हा धंदा तिला हिशेबाने शहाणपणाचा वाटावा, असा त्याचा आरोप होता, आणि त्या धंद्यात भांडवल गुंतवणारे सभ्य गृहस्थ नाटकात प्रत्यक्ष हजर आहेत. लंडनमध्ये लॉर्ड चेंबरलेनच्या, म्हणजे नाटकांना परवाने देणाऱ्या राजदरबारी अधिकाऱ्याच्या, कचेरीने परवानगी नाकारली. 1902 साली केवळ सभासदांसाठी खासगी प्रयोग झाला, 1905 साली न्यूयॉर्कमध्ये पहिल्या प्रयोगानंतर पोलिसांनी कारवाई केली, आणि लंडनमध्ये जाहीर प्रयोगाला 1925 साल उजाडावे लागले.

लंडनमध्ये ते अजून बंदीतच होते तेव्हा, ऑक्टोबर 1920 मध्ये, वांग चोंगश्येन या नटाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते शांघायच्या मोठ्या नाट्यगृहात चिनी भाषेत आणले. 4 मे 1919च्या विद्यार्थी आंदोलनानंतर पाश्चात्त्य विचारांची भूक लागलेली होती, वर्तमानपत्रांतून जोरदार जाहिरात झाली होती. प्रयोग मात्र साफ पडला. संगीताच्या आणि भरजरी पोशाखांच्या सवयीच्या प्रेक्षकांना नुसते बोलणे पाहवेना, आणि कित्येक जण मध्येच उठून गेले. या अपयशाची वांगने आणि इतरांनी उघड चर्चा केली. धंदेवाईक रंगभूमीवर असले नाटक रुजणार नाही, त्यासाठी हौशी नाट्यमंडळे हवीत आणि परदेशी संहिता जशीच्या तशी उचलून भागणार नाही, असा विचार त्यातून पुढे आला. लगेच 1921 साली त्यासाठी संस्थाही निघाली. आधुनिक चिनी गद्य नाटकाच्या इतिहासात हा पडलेला प्रयोग एक टप्पा म्हणून नोंदला जातो. शॉ स्वतः फेब्रुवारी 1933 मध्ये जगप्रवासात एक दिवस शांघायला उतरला तेव्हा सुन यात-सेन यांच्या पत्नी सूंग चिंगलिंग यांच्या घरी चिनी लेखक लू शुन त्याला भेटला, आणि लू शुनने छू छिउपाइबरोबर त्या एका दिवसाविषयी वृत्तपत्रांत जे जे छापून आले त्याचे पुस्तकच काढले. (त्याच प्रवासात, जानेवारीत, शॉची बोट मुंबईलाही लागली होती. गांधीजी तेव्हा येरवड्याच्या तुरुंगात होते. दोघांची भेट 1931 साली लंडनमध्ये झाली होती, तेवढीच राहिली.)

सेन्सॉरशिपविरुद्धच्या लढ्यातही शॉचा वाटा मोठा आहे. 1909 साली त्याच्या ‘ब्लँको पॉस्नेट’ या नाटकावर लंडनमध्ये बंदी आली, तेव्हा लॉर्ड चेंबरलेनचा अधिकार आयर्लंडमध्ये चालत नाही हे हेरून येट्स आणि लेडी ग्रेगरी यांनी ते डब्लिनच्या ॲबी थिएटरमध्ये केले, सरकारी दटावणीला न जुमानता. त्याच वर्षी संसदीय समितीपुढे शॉने साक्ष दिली. नाटकांच्या सेन्सॉरशिपचा कायदा मात्र 1968 साली गेला, म्हणजे शॉच्या मृत्यूनंतर 18 वर्षांनी. ‘सखाराम बाइंडर’ कोर्टात गेलेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या इतिहासात परके काही वाटणार नाही.

अभिवाचक (धागालेखक)

सर्वांचे आभार. शांघायचा प्रसंग मला अगदीच नवा होता. तरी मूळ आक्षेप अजून शिल्लक राहतोच : सर्वसामान्य प्रेक्षकापर्यंत शॉ पोचला तो ‘पिग्मॅलियन’मधून, आणि तोही दुसऱ्यांनी बदललेल्या रूपात. मग ते श्रेय शॉचे मानावे का?

तिसरी घंटा

या प्रश्नावर शॉ हयात असता तर रागावला असता, कारण त्याने या नाटकाच्या शेवटासाठी जवळजवळ आयुष्यभर भांडण केले.

फुले विकणारी एलायझा डूलिटल आणि तिची बोली बदलून तिला सरदारकन्या म्हणून खपवण्याची पैज मारणारा ध्वनिशास्त्रज्ञ हिगिन्स, हे कथानक सगळ्यांना ठाऊक आहे. शॉच्या नाटकात मात्र पैज जिंकण्याचा प्रसंग रंगमंचावर येतच नाही. खरे नाट्य त्यानंतर सुरू होते, जेव्हा एलायझा विचारते की आता माझे काय होणार. फुले विकायला ती परत जाऊ शकत नाही आणि सरदारकन्येला लग्नाशिवाय पोटापाण्याचा मार्ग नाही. हा प्रश्न प्रेमाचा कमी आणि अर्थशास्त्राचा जास्त आहे, म्हणून शॉने तिला हिगिन्सच्या घरातून बाहेर काढले. एप्रिल 1914 मध्ये लंडनला हिगिन्स करणाऱ्या बीअरबोम ट्रीने पडदा पडतापडता एलायझाकडे फुले फेकायला सुरुवात केली, म्हणजे प्रेक्षकांनी काय समजायचे ते समजावे. माझ्या शेवटामुळे पैसा मिळतो, आभार माना, असे ट्रीने कळवले; तुमच्या शेवटाबद्दल तुम्हाला गोळी घालायला हवी, असे शॉने उलट कळवले. पुढे 1916 साली नाटक पुस्तकरूपाने आले तेव्हा त्याने गद्यात एक पुरवणीच जोडली आणि एलायझा तिच्यावर भाळलेल्या फ्रेडी या तरुणाशी लग्न करून फुलांचे दुकान काढते हे ठणकावून सांगितले. उपयोग शून्य. 1938च्या चित्रपटात एलायझा शेवटी हिगिन्सकडे परतते. त्याच चित्रपटाच्या पटकथेसाठी शॉला ऑस्कर मिळाले, आणि नोबेल व ऑस्कर दोन्ही मिळवणारा तो पहिला माणूस ठरला. ‘आर्म्स अँड द मॅन’वरून व्हिएन्नात 1908 साली झालेल्या गोडमिट्ट संगीतिकेचा त्याने इतका धसका घेतला होता की ‘पिग्मॅलियन’चे संगीतक करू देण्यास त्याने जिवंतपणी ठाम नकार दिला. त्याच्या मृत्यूनंतर पाचेक वर्षांनी, मार्च 1956 मध्ये, ‘माय फेअर लेडी’ ब्रॉडवेवर आली आणि तिचे 2,717 प्रयोग झाले.

तेव्हा श्रेयाचा प्रश्न असा सोडवावा असे मला वाटते : शेवट बदलता आला, प्रश्न कोणालाच बदलता आला नाही. माणसाची किंमत त्याच्या उच्चारांवरून ठरवणारा समाज जिथे जिथे आहे, तिथे हे नाटक स्वतःचे घर शोधते. बेगम कुदसिया झैदींनी ते उर्दूत ‘आज़र का ख़्वाब’ म्हणून आणले. गुजरातीत ‘संतु रंगीली’ झाली आणि सरिता जोशींनी ती गाजवली. मराठीत 1975 साली पु. ल. देशपांड्यांनी ‘ती फुलराणी’ लिहिली. लंडनमध्ये उच्चारांवरून वर्ग कळतो; आपल्याकडे उच्चारांवरून वर्गाबरोबर जात, गाव आणि शाळाही कळते, आणि त्यामुळे मंजुळेच्या अपमानाला मूळ नाटकात नसलेली एक धार आली. भक्ती बर्वे यांची मंजुळा संतापून एकटीच बोलते तो प्रवेश मराठी मुली आजही नाट्यस्पर्धांत आणि अभिनयाच्या निवडचाचण्यांत करतात. त्यांतल्या बहुतेकींना शॉ माहीत नसेल. पण मास्तरच्या मनमानीवर उलटून बोलणारी शिष्या त्यांना शॉनेच पु. लं.मार्फत दिली आहे. हा प्रभाव नाही तर काय?

जाता जाता पैशाचे सांगतो, कारण शॉला ते आवडले असते. मृत्युपत्रात त्याने इंग्रजीसाठी निदान चाळीस अक्षरांची नवी लिपी तयार करावी म्हणून तरतूद केली होती आणि उरलेली मालमत्ता ब्रिटिश म्युझियम, लंडनची नाट्यशिक्षणसंस्था राडा आणि डब्लिनची नॅशनल गॅलरी यांना ठेवली होती. 1957 साली कोर्टाने लिपीची तरतूद अवैध ठरवली, तडजोडीने 8,300 पौंड तिच्या वाट्याला आले, लिपी तयार झाली, 1962 साली ‘अँड्रोक्लीज अँड द लायन’ त्या लिपीत छापलेही गेले आणि ती रूढ मात्र झाली नाही. उलट ज्या संगीतकाला तो कधी परवानगी देणार नव्हता, त्याच्या स्वामित्वधनातून या तीन संस्था मालामाल झाल्या. ज्या गॅलरीत लहानपणी चित्रे पाहत आपण शिकलो असे तो सांगत असे, त्या डब्लिनच्या गॅलरीने त्या पैशातून चित्रे विकत घेतली.

विंगेतून

एक भर. प्रयोगच मोजायचे असतील तर कॅनडातल्या नायगारा-ऑन-द-लेक या छोट्या गावाचे उदाहरण शंकासुर यांच्यासाठी देतो. 1962 साली ब्रायन डोहर्टी या वकिलाने तिथल्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत शॉचे प्रयोग सुरू केले. त्यातून उभा राहिलेला शॉ महोत्सव आज त्या देशातल्या मोठ्या नाट्यसंस्थांपैकी एक आहे. तिथे इतर नाटककारही होतात हे खरे; पण ब्रिटिश कायद्यानुसार शॉच्या नाटकांचे स्वामित्वहक्क 2020च्या अखेरीस संपले आहेत, त्यामुळे आता त्याला उलटेपालटे करू पाहणाऱ्या दिग्दर्शकांचा रस्ता मोकळा आहे.

नाडीपरीक्षा

मी व्यवसायाने डॉक्टर आहे, त्यामुळे माझी शिफारस पक्षपाती समजावी. आपल्या गटाने ‘पिग्मॅलियन’ही बाजूला ठेवावे आणि 1906 सालचे ‘द डॉक्टर्स डिलेमा’ घ्यावे. क्षयावर नवा उपाय सापडलेल्या डॉक्टरकडे आणखी एकाच रुग्णासाठी जागा आहे, आणि समोर दोघे आहेत : एक प्रतिभावान पण लबाड चित्रकार आणि एक सरळमार्गी, सामान्य, गरीब डॉक्टर. त्यात भर म्हणून या मोठ्या डॉक्टरला चित्रकाराची बायको आवडते. अल्मरॉथ राइट या खऱ्या शास्त्रज्ञावरून शॉला हे पात्र सुचले. अतिदक्षता विभागातली खाट कोणाला द्यायची, हा प्रश्न कोविडच्या काळात आमच्यापैकी अनेकांपुढे ज्या रूपात आला, तो या नाटकात शतकाहून आधी मांडलेला आहे.

प्रस्तावनाही वाचावी, मात्र चिमटीत मीठ धरून. पाय कापण्याचे पैसे ज्याला मिळतात त्यालाच पाय कापायचा की नाही हे ठरवू देणे वेडेपणाचे आहे, हा तिच्या सुरुवातीचा युक्तिवाद आजच्या आरोग्यव्यवस्थेलाही झोंबणारा आहे. तीच प्रस्तावना लसींविषयी आणि जंतुसिद्धान्ताविषयी बोलू लागते तेव्हा शंकासुर यांनी म्हटलेला हटवादी शॉ पुढे येतो. दोन्ही शॉ एकाच लेखात भेटतात, म्हणून चर्चेला हे नाटक सोयीचे पडेल. पात्रांत पाच-सहा डॉक्टर आहेत आणि प्रत्येकाचे एकेक ठरलेले खूळ आहे. एकाला सर्व आजार रक्तदोषाचे वाटतात, दुसऱ्याला सगळीकडे पेशीभक्षकांना (रक्तातल्या जंतू गिळणाऱ्या पेशींना) चेतवायचे असते. अभिवाचनाला नुसत्या आवाजावर पात्रे वेगळी काढता येतात, आणि नेपथ्याची गरज पडत नाही.

अभिवाचक (धागालेखक)

ही सूचना गटाला कळवली. आमचे ज्येष्ठ सदस्यही निवृत्त शल्यचिकित्सक आहेत हे मी इथे लिहिले नव्हते. प्रस्तावनेतले ते पाय कापण्याचे वाक्य ऐकताच त्यांनी पुस्तक मागून घेतले आहे आणि पहिल्या बैठकीत विरोधी बाजू स्वतः मांडणार असल्याचे कळवले आहे. अनुवादाचे पहिले दोन अंक तयार झाले की इथे पुन्हा लिहीन. तोपर्यंत त्या पाच-सहा डॉक्टरांच्या बोलण्यातले 1906 सालचे वैद्यकीय संदर्भ आजच्या श्रोत्यांसाठी ठेवावेत की गाळावेत, याविषयी नाडीपरीक्षा यांचे मत हवे आहे.